नात्सुमेरो : जपानी लोकप्रिय गीतांतील स्मरणभाव आणि एका पिढीचा हिशेब

प्रास्ताविक

जपानी भाषेत 'नात्सुमेरो' अशी एक संज्ञा रूढ आहे. 'नात्सुकाशी' हे जपानी विशेषण आणि 'मेलडी' हा इंग्रजी शब्द यांच्या संक्षेपातून ती तयार झाली. तरुणपणी कानावर पडलेली, मध्यंतरी मागे पडलेली आणि वय उताराला लागल्यावर पुन्हा ओठांवर येणारी गीते, असा तिचा स्थूल अर्थ सांगता येईल. १९६८ मध्ये टोकियोतील एका दूरचित्रवाहिनीवर 'नात्सुकाशी नो उतागोए' हा जुन्या गीतांचा कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६९ पासून एनएचके ही सार्वजनिक प्रसारण संस्था 'ओमोइदे नो मेरोदी' हा वार्षिक कार्यक्रम ऑगस्ट महिन्यात सादर करू लागली. ऑगस्ट हा तेथे पितरांच्या स्मरणाच्या 'ओबोन' सणाचा आणि युद्धसमाप्तीचाही महिना आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या काळी नात्सुमेरो म्हणजे युद्धपूर्व आणि युद्धकालीन गीते असत. पुढे ती ऐकणारी पिढी ओसरली आणि १९७०च्या दशकातील 'कायोक्योकु', म्हणजे शोवा कालखंडातील लोकप्रिय गीते, त्यांच्या जागी आली. तेव्हा ही संज्ञा गीताच्या प्रकाराची नसून श्रोत्याच्या वयाची निदर्शक आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

या समजुतीचा फेरविचार होणे आवश्यक आहे. १९७५ ते १९७७ या अल्प अवधीतील तीन गीते बारकाईने पाहिली असता त्यांतील स्मरणभाव श्रोत्याच्या वयाने मागाहून आणलेला नाही, तो त्यांच्या मूळ घडणीतच होता, असे दिसून येते. विशीतील श्रोत्याला ही गीते काहीतरी गमावून बसलेला माणूस म्हणूनच संबोधत होती. तसे असेल तर पन्नाशीत ती गुणगुणणाऱ्या माणसाकडे 'गतकाळात रमणारा' म्हणून पाहणे, म्हणजे गीत आणि श्रोता या दोघांनाही चुकीचे वाचणे होय. (जपानी व्यक्तिनामे येथे तेथील रीतीप्रमाणे आडनाव प्रथम अशी दिली आहेत.)

संज्ञेचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'नॉस्टॅल्जिया'साठी 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन पर्याय वापरले जातात. पहिल्यात रंजनाची सूचना आहे, त्यामुळे अनुभवाला किंचित हलकेपणा येतो. दुसऱ्यात व्याकुळता आहे, पण तिचे तोंड पूर्णतः गतकाळाकडे वळलेले आहे. मूळ पाश्चात्त्य संज्ञेचा जन्म तर वैद्यकातला. योहान्नेस होफर या स्विस वैद्यकाने १६८८ मध्ये घरापासून दूर असलेल्यांच्या विकाराला हे नाव दिले. पुढे तो विकार स्थळावरून काळावर सरकला, तरी त्याचे रोगपण संज्ञेतून पूर्णपणे गेले नाही.

'नात्सुकाशी' या शब्दाची वाट निराळी आहे. तो 'नात्सुकु' या क्रियापदापासून आला असून त्याचा अर्थ जवळीक वाटू लागणे, लळा लागणे असा आहे. प्राचीन जपानी काव्यात हे विशेषण समोर असलेल्या, जिच्यापासून दूर होऊ नये असे वाटते अशा वस्तूलाही लागत असे. वस्तू गतकाळातली असण्याची अट त्याला नव्हती. ती छटा नंतर बळावली. नात्सुमेरोचा शब्दशः अर्थ म्हणूनच 'लळा लागलेली सुरावट' असा करता येईल. लळा आणि व्याकुळता यांतील हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

स्मरणाची निर्मिती : दोन आक्षेप

जपानी लोकप्रिय गीतांतील स्मरणभावाकडे अभ्यासकांनी बहुधा संशयाने पाहिले आहे. मॅरिलिन आयव्ही यांनी 'डिस्कोर्सेस ऑफ द व्हॅनिशिंग' (१९९५) या ग्रंथात जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या १९७० मध्ये सुरू झालेल्या 'डिस्कव्हर जपान' या प्रचारमोहिमेचे विश्लेषण केले. शहरी तरुणींना अनोळखी खेड्यांत पाठवून तेथे 'आपले गाव' शोधायला लावणारी ही मोहीम. जे नष्ट होत आहे त्याचीच विक्री, असे तिचे स्वरूप आयव्ही दाखवून देतात. यामागुची मोमोए या गायिकेचे 'ई ही ताबिदाची' (१९७८) हे तानिमुरा शिंजी यांनी रचलेले गीत रेल्वेच्याच प्रचाराशी जोडलेले होते, ही बाब या विश्लेषणाला पुष्टी देते. क्रिस्टीन यानो यांनी 'टिअर्स ऑफ लाँगिंग' (२००२) मध्ये एन्का या गीतप्रकारातील अश्रू हे 'काता'चे, म्हणजे सरावाने साधलेल्या साच्यांचे, फलित असल्याचे मांडले.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. वाजिमा यूसुके यांनी २०१० मधील आपल्या ग्रंथात 'एन्का म्हणजे जपानी हृदय' ही कल्पनाच १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात घडल्याचे सप्रमाण दाखवले. त्यापूर्वी 'एन्का' हा शब्द मेइजी काळातील राजकीय प्रचारगीतांसाठी वापरला जाई. म्हणजे जी परंपरा प्राचीन म्हणून मिरवली जाते, तिचे वय तिच्या श्रोत्यांपेक्षाही कमी आहे.

हे दोन्ही आक्षेप तथ्य म्हणून मान्यच करावे लागतात. मात्र त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष, की घडवलेले स्मरण हे खोटे स्मरण, तो मान्य करण्याजोगा नाही. कादंबरीही घडवलेलीच असते. तिच्यावर हा आरोप कोणी करीत नाही. लोकप्रिय गीतावर मात्र तो सहज केला जातो, आणि तो करताना गीताची संहिता वाचण्याची तसदी फारशी घेतली जात नाही.

तीन गीते

गीतांकडे वळण्यापूर्वी त्यांच्यामागील स्थलांतराची नोंद करणे आवश्यक आहे. १९५४ पासून ईशान्येकडील तोहोकु प्रदेशातून शालान्त मुलामुलींना सामूहिक नोकरीसाठी टोकियोत आणणाऱ्या विशेष गाड्या सुटू लागल्या. त्यांतील शेवटची १९७५ मध्ये धावली. चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलांना मालकवर्ग 'सोन्याची अंडी' म्हणत असे. त्यांच्या गाड्या टोकियोच्या उएनो स्थानकात येत. १९६४ मध्ये इझावा हाचिरो यांनी गायलेले 'आ उएनो एकी' हे गीत याच मुलांचे. त्यात गावाची आठवण आहे आणि राबण्याचा निर्धारही आहे. तक्रार मात्र नाही. आर्थिक वाढीच्या भरातले गीत असेच असणार. १९७३ च्या तेलसंकटाने तो भर ओसरला आणि त्यानंतरच्या गीतांत सूर पालटला.

ओता हिरोमी यांनी गायलेले 'मोमेन नो हान्काचीफू' हे गीत डिसेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्सुमोतो ताकाशी यांची शब्दरचना आणि त्सुत्सुमि क्योहेइ यांचे संगीत. गीताची चार कडवी ही वस्तुतः चार पत्रोत्तरे आहेत. प्रत्येक कडव्याच्या पूर्वार्धात शहराकडे गेलेला तरुण बोलतो, उत्तरार्धात गावी राहिलेली तरुणी. तो भेटवस्तू शोधून पाठवण्याचे सांगतो. तिला वस्तू नको, त्याने शहराच्या रंगात रंगू नये एवढेच हवे. सहा महिन्यांनी तो फॅशनची अंगठी पाठवतो. पुढे सूट घातलेले आपले छायाचित्र पाठवतो. तिला गवतावर लोळणारा तो अधिक प्रिय असतो, तरी इमारतींमधल्या गार वाऱ्यात जपून राहा, असेही ती सांगते. अखेरीस तो परत येणे शक्य नसल्याचे कळवतो आणि ती प्रथमच काही मागते : डोळे पुसायला एक सुती हातरुमाल.

या रचनेतील वस्तूंचा क्रम पाहण्यासारखा आहे. अंगठी, छायाचित्र, हातरुमाल. पहिल्या दोन वस्तू शहर देऊ करते. तिसरी गावाने मागितलेली, सर्वांत स्वस्त आणि एकमेव उपयोगाची. स्थलांतराचा व्यवहार कोणाला काय देऊन गेला, याचा याहून नेमका हिशेब त्या काळातील गंभीर साहित्यातही क्वचितच सापडेल. चाल मात्र खेळकर, उजळ आणि चपळ आहे. दुःखाच्या शब्दांना दुःखाची चाल देण्याचे त्सुत्सुमि यांनी टाळले, आणि त्यामुळे गीत रडगाणे होण्यापासून वाचले. शेवटच्या कडव्यापर्यंत श्रोता तालावर मान डोलावीत असतो. तो कोणाच्या बाजूने डोलावत होता, हे त्याला उशिरा कळते.

येथे एक चरित्रात्मक तपशील महत्त्वाचा ठरतो. मात्सुमोतो हे खेड्यातून आलेले नव्हेत. त्यांचा जन्म १९४९ मध्ये टोकियोतच झाला. 'हॅपी एन्ड' या वाद्यवृंदाचे ते तालवादक व गीतकार होते आणि त्या वृंदाच्या 'काझेमाची रोमान' (१९७१) या गीतसंग्रहात त्यांनी १९६४ च्या ऑलिंपिकपूर्व टोकियोची, रस्तेबांधणीत पुसल्या गेलेल्या मोहल्ल्यांची कल्पनानगरी उभी केली होती. म्हणजे गावी राहिलेल्या मुलीचे शब्द लिहिणारा कवी शहरातच आपले शहर गमावून बसलेला होता. त्याने खेडे उसने घेतले. हानी स्वतःची होती.

दुसरे गीत त्याच वर्षातले. 'इचिगो हाकुशो ओ मोओ इचिदो' (१९७५) हे आराइ युमी यांनी लिहून संगीतबद्ध केलेले आणि बानबान या वृंदाने गायलेले गीत विद्यार्थी चळवळीच्या पिढीचे म्हणून ओळखले जाते. कोलंबिया विद्यापीठातील आंदोलनावर आधारलेला 'द स्ट्रॉबेरी स्टेटमेंट' हा १९७० चा अमेरिकी चित्रपट गावात पुन्हा लागतो. निवेदकाला तो एकेकाळी प्रेयसीबरोबर पाहिल्याचे आठवते. मधल्या काळात त्याला नोकरी लागली आणि त्याने लांब केस कापले. केस कापताना आपण आता तरुण राहिलो नाही अशी सबब त्याने तिला सांगितली होती. 'सबब' हाच या गीताचा कणा आहे. चळवळ का सोडली, याचे राजकीय उत्तर गीतात नाही. केस कापण्याचे निमित्त आहे, आणि ते निमित्त होते हे निवेदक जाणतो. एका पिढीच्या माघारीविषयी एवढी छोटी आणि एवढी अडचणीत आणणारी कबुली दुसरी नसावी.

गीत लिहिले तेव्हा आराइ एकवीस वर्षांच्या होत्या. १९६८-६९ च्या विद्यापीठ आंदोलनांच्या वेळी त्या शाळकरी वयाच्या होत्या. म्हणजे ही आठवणही उसनी. त्यातून निवेदक पुरुष आणि रचनाकार स्त्री. शिवाय ज्याची आठवण काढली जाते तो काळ अवघ्या पाच-सहा वर्षांपूर्वीचा. पंचविशीतल्या माणसाला आपले तारुण्य संपल्याचे सांगणारे हे गीत त्याने पंचावन्नाव्या वर्षी म्हटले, तर तो नक्की कशाची आठवण काढतो? तारुण्याची, की तारुण्यात काढलेल्या आठवणीची? स्मरणरंजनाच्या नेहमीच्या व्याख्येत हा दुपदरीपणा मावत नाही.

तिसरे गीत 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (१९७७). शब्द आकु यू यांचे, संगीत मिकी ताकाशी यांचे, गायिका इशिकावा सायुरी. एन्काच्या वर्गात मोडणारे हे गीत त्याच्या आरंभासाठी विशेष वाखाणले जाते : उएनोहून सुटलेली रात्रगाडी, पाठोपाठ बर्फातले आओमोरी स्थानक. सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास दोन ओळींच्या फटीत संपतो. पुढे मुकाट्याने बोटीकडे निघालेली माणसे, समुद्राचा आवाज, गारठलेले समुद्रपक्षी, आणि प्रियकराचा निरोप घेऊन एकटीच घरी परतणारी स्त्री.

सामूहिक नोकरीच्या गाड्या आओमोरीहून उएनोला येत. हे गीत उलट दिशेने जाते. 'आ उएनो एकी'तला मुलगा जिथे उतरला तिथूनच ही स्त्री निघते. परतीच्या या प्रवासाला यशाची जोड नाही, गावी कोण वाट पाहते तेही सांगितलेले नाही. बोटीतील सर्वच माणसे गप्प का आहेत, याचा खुलासा आकु करीत नाहीत, आणि एका स्त्रीचा प्रेमभंग त्या सामुदायिक मौनात विरघळून जातो. आकु स्वतः आवाजी बेटावरचे, म्हणजे पश्चिम जपानचे. उत्तरेची सामुद्रधुनी त्यांनाही परकीच होती.

या गीताच्या बाबतीत काळाने एक विलक्षण काम केले. १३ मार्च १९८८ रोजी समुद्राखालून जाणारा ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि त्याच दिवशी रेल्वेची आओमोरी-हाकोदाते नियमित बोटसेवा बंद झाली. बोगद्याच्या कल्पनेला बळ मिळाले होते ते १९५४ मध्ये तोया मारू ही बोट वादळात बुडून अकराशेहून अधिक माणसे दगावल्यानंतर. तेव्हा बोट जाण्यात हळहळण्यासारखे फारसे नव्हते, असेही म्हणता येईल. २०१६ पासून शिन्कान्सेन या बोगद्यातून होक्काइदोत जाते. गीतातील प्रवास आज त्या क्रमाने करता येत नाही. तप्पी भूशिरावर गीताचे स्मारक आहे. त्याचे बटण दाबले की गीत वाजते. सामुद्रधुनी समोर दिसत असतेच. गीत रचले गेले तेव्हा त्यातील दृश्य वर्तमानकाळाचे होते, पण त्याची दृष्टी आधीच निरोपाची होती. त्यामुळे बोट गेल्यावर गीत जुने झाले नाही. वास्तव येऊन त्याला मिळाले.

कोणाचा आवाज

या तीन गीतांत उसनवारी ही समान बाब आहे. टोकियोकराने खेडे, धाकटीने थोरल्यांची चळवळ, पश्चिमेकडच्याने उत्तर उसनी घेतली. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर ही गीते टिकत नाहीत, आणि टिकण्याचे कारणही नाही. श्रोत्यांचे ऋण मात्र उसने नव्हते. गाव सोडणे, चळवळ सोडणे, माणूस सोडणे या गोष्टी त्यांनी खरोखर केल्या होत्या आणि त्यांचा उच्चार करण्यासाठी त्यांना दुसऱ्याचे शब्द मिळाले.

तथापि या शब्दांच्या वाटपात एक विषमता आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. मात्सुमोतो आणि आकु या पुरुष कवींनी हानीची जाणीव स्त्रीच्या तोंडी घातली. जो जातो तो पुरुष मजेत आहे. जिला रुमाल लागतो ती स्त्री. ही गीते गाणाऱ्या ओता आणि इशिकावा ती प्रसिद्ध झाली तेव्हा अनुक्रमे वीस आणि अठरा वर्षांच्या होत्या. पुरुषाचा अपराधभाव तरुण स्त्रीच्या कंठातून ऐकवण्याची ही पद्धत कायोक्योकुत सार्वत्रिक आहे. तिला केवळ सोय म्हणून सोडून देता येणार नाही. आराइ यांचे गीत याला छेद देते ते यामुळेच : तेथे सबब सांगणारा पुरुष स्वतः बोलतो, आणि त्याला बोलायला लावणारी स्त्री आहे.

काराओकेने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये कोबे येथे तयार केलेले यंत्र प्रथम मद्यालयांत पसरले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खास खोल्या निघाल्या. तेथे कचेरीतून सुटलेला मध्यमवयीन पुरुष 'त्सुगारु काइक्यो' हातात ध्वनिक्षेपक घेऊन म्हणतो, तेव्हा सोडून दिलेल्या स्त्रीचे शब्द सोडून जाणाऱ्याच्या तोंडी येतात. यानो यांच्या भाषेत हा साच्याचा सराव म्हणता येईल. परंतु सराव करणारा माणूस ज्या जागेवरून बोलायला शिकतो ती जागा त्याची नव्हती, हेही तितकेच खरे. नात्सुमेरोतील 'लळा' येथे एक वेगळा अर्थ धारण करतो : जिला दुखावले तिच्या शब्दांचा लळा. तो पश्चात्ताप आहे की पश्चात्तापाची सुखद नक्कल, याचा निवाडा गीताच्या संहितेवरून होऊ शकत नाही.

अलीकडे १९८०च्या आसपासच्या जपानी 'सिटी पॉप' गीतांना परदेशी तरुणांत मिळालेली लोकप्रियता हा स्वतंत्र विषय आहे. मात्सुबारा मिकी यांचे १९७९ चे 'मायोनाका नो दोआ' २०२० मध्ये जगभर ऐकले गेले. तेथे झगमगाटाची हौस आहे. रुमाल मागणारे कोणी नाही.

दोन हजार सालानंतर

या पिढीच्या मध्यमवयाला मिळालेले गीत मात्र जुने नव्हते. नाकाजिमा मियुकी यांचे 'चिजो नो होशी' हे जुलै २००० मध्ये प्रसिद्ध झाले. एनएचकेच्या 'प्रोजेक्ट एक्स' या मालिकेचे ते शीर्षकगीत होते. युद्धोत्तर काळातील बोगदे, धरणे, यंत्रे उभारणाऱ्या अप्रसिद्ध माणसांची कथा ही मालिका सांगत असे. गीत विक्रीच्या यादीत दीर्घकाळ टिकून राहिले आणि जानेवारी २००३ मध्ये, म्हणजे प्रसिद्धीनंतर १३० आठवड्यांनी, ओरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. दोन वर्षांहून अधिक काळ हळूहळू चढत गेलेले गीत हे तरुणांच्या बाजारपेठेचे लक्षण नव्हे.

काळ मोठा कठीण होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये यामाइची सिक्युरिटीज ही मातब्बर संस्था कोसळली. १९९८ मध्ये जपानमधील आत्महत्यांची वार्षिक संख्या प्रथमच तीस हजारांवर गेली आणि २०११ पर्यंत ती त्याखाली आली नाही. त्यांत मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण मोठे होते. गाव सोडून, केस कापून ज्या नोकरीत शिरले तीच नोकरी 'पुनर्रचने'त जात होती. १९७५ चा सौदा पंचवीस वर्षांनी फसला होता. अशा श्रोत्यांपुढे हे गीत एक प्रश्न ठेवते : जमिनीवरचे तारे गेले कोठे? प्रश्न उंच उडणाऱ्या भिंगरीसारख्या पाखराला विचारला आहे आणि पाखरू काही बोलत नाही.

३१ डिसेंबर २००२ च्या रात्री 'कोहाकु उता गास्सेन' या वर्षअखेरीच्या गीतस्पर्धेत नाकाजिमा यांनी हे गीत कुरोबे जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यातून सादर केले. कुरोबे धरणाच्या बांधकामात १७१ माणसे मरण पावली होती आणि त्या बांधकामाची कथा मालिकेने गौरवाने सांगितलेली होती. गीत आणि मालिका यांच्यातील ताण त्या सादरीकरणात उघड झाला. मालिका दर आठवड्याला उत्तर देत असे : हे पाहा तारे, हे त्यांचे चेहरे, हे त्यांचे यश. गीतात उत्तराला जागा ठेवलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये ही मालिका नव्या स्वरूपात सुरू झाली तेव्हाही शीर्षकगीत तेच ठेवण्यात आले, आणि चोवीस वर्षांनंतरही त्यातला प्रश्न जसाच्या तसा विचारला गेला.